कारासाझचं नुकसान

जूनच्या शेवटी तुर्दुबायची करडी घोडी हरवली, आणि तिला शोधत तो कारासाझकडे गेला. एरवी तिकडं कुणी फिरकत नाही. जाण्यासारखं तिथं आहे काय? सगळा पाणथळ मुलूख. मेंढरू गेलं तर पोटापर्यंत रुततं, गाय गेली तर दोर लावून चौघांना ओढावी लागते. गवत उगवतं ते आंबट, वाळवून घातलं तरी गुरं तोंड फिरवतात. तिथून निघणारा ओहोळसुद्धा कुणाच्या शेताला लागत नाही. खालच्या दगडी घळीत उतरतो आणि तिथंच जमिनीत मुरून जातो. चोलोक-तेरेक गावात एखादी गोष्ट वाया गेली की बायका म्हणतात, गेली कारासाझात.

घोडी रुतून बसली नाही ना, एवढंच बघायचं होतं. खिंड चढून तो वर आला आणि लगाम ओढून थांबला. समोर पाणी नव्हतं.

पाणथळाच्या मधोमध चर खणलेला होता. सरळसोट, पुरुषभर खोल, कडेला उपसलेल्या काळ्या मातीचे ढीग. खिंडीपलीकडं सोनं आहे का ते बघायला कंपनी आली होती, तिच्या ट्रकांना कोरडी वाट हवी होती. दोन्ही बाजूंचा चिखल उन्हानं तडकला होता. चक्रवाकांची जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. हा पक्षी पाण्यावर राहतो, पण अंडी घालतो वरच्या कड्यातल्या बिळांत, आणि पिल्लं बाहेर पडली की त्यांना चालवत खाली पाण्यावर आणतो. यंदाही आणली होती. पाणी होतं ते चराच्या तळाला हातभर, तेव्हा पिल्लं तिथंच उतरली होती. पाण्यावर डिझेलचा तवंग होता आणि चराच्या भिंती उभ्या होत्या.

तुर्दुबाय घोड्यावरून उतरला. वय साठीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. तो काठावर पालथा पडला आणि चाबकाच्या दांड्यानं एकेक पिल्लू ओढायला लागला. बरीचशी मेलेली होती. जी हलत होती ती हातात आल्यावर तोंड उघडायची, मिटायची, आणि मग नुसतीच उघडी ठेवायची. त्यानं ती सदऱ्याच्या टोकानं पुसली. पुसून काही उपयोग झाला नाही. त्याच्या मुलखात चक्रवाकाला कुणी हात लावत नाही, शिकारीला गेलेला उपाशी माणूससुद्धा बंदूक खाली घेतो. आणि इथं त्याच्या मांडीवर त्यांची रास झाली होती. त्याला भडभडून आलं आणि त्याबरोबर रागही आला, पण राग काढायचा कुणावर? तिथं कुणी माणूस नव्हतं. खणायचं यंत्र तेवढं उभं होतं.

करडी घोडी पलीकडच्या उतारावर खुशाल चरत होती.

खाली तंबूपाशी त्याची बायको सायराकान घोड्या दोहत होती. एक गुडघा टेकलेला, दुसऱ्यावर बादली, दोराचं टोक मनगटाला.

"मिळाली का?"

"मिळाली."

"मग तोंड असं का झालंय, म्हातारबा? तिच्याबरोबर घोडा पण मिळाला की काय?"

त्यानं काय बघितलं ते सांगितलं. ती दोहत राहिली. धार थांबली तशी उठली, घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून तिला सोडली.

"सदरा काढ. डिझेलचा वास जायचा नाही तो."

"मी तक्रार करणार आहे."

"कर. ते विचारतील, तुझं काय गेलं?"

"विचारू देत."

"आणि तू काय सांगणार?"

सदरा काढून तो तंबूजवळच्या झऱ्याकडं गेला.

गावच्या कारभाऱ्यानंही तेच विचारलं. वर म्हणाला, "बाइके, अहो दादा, कंपनीचे उपकार माना. कारासाझ वाळलं की दोन वर्षांत तिथं चांगलं गवत येईल. अख्ख्या गावाला नवं कुरण. तुमच्या मेंढ्या काय उपाशी राहणार आहेत तेव्हा?" हे खोटं नव्हतं. गावात याची चर्चा झाली होती, कुणाची मेंढरं कुठल्या बाजूला लावायची इथपर्यंत मजल गेली होती. तुर्दुबाय दारोदार हिंडला, एकानंही त्याच्या अर्जावर सही केली नाही. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

सही केली ती नारीन शहरातून आलेल्या वकीलबाईनं. आयपेरी तिचं नाव, पंचविशीतली पोर, पाठीवर शाळकरी पोरांसारखी पिशवी. पाण्या-जंगलांसाठी भांडणाऱ्या कुठल्याशा संस्थेत ती काम करायची.

"अक्सकाल, कायद्यात लिहिलंय," वडीलधाऱ्याला मानानं हाक मारावी तशी ती म्हणाली. "जमीन, पाणी, पाखरं यांची नासाडी झाली तर ती दुरुस्त करा म्हणून कुणीही मागू शकतो. स्वतःचं काही गेलेलं असायलाच पाहिजे असं नाही."

"लिहिलंय ना? मग झालं."

"लिहिलंय. पण या तालुक्यात ते कुणी वापरलेलंच नाही. कोर्टाला सवय आहे ती, कुणाची गाय मेली, कुणाची भिंत पडली, असल्याची."

"मी वापरीन."

"लोक हसतील."

"हसणाऱ्यांची मला सवय आहे," तो म्हणाला आणि सायराकानकडं बघितलं. तिनं पातेल्यात डोकं घातलं.

जुलैमध्ये पहिली तारीख पडली. तालुक्याच्या कोर्टाची खोली लहान, त्यात गावातली निम्मी माणसं, कामं सोडून आलेली. कंपनीचा वकील राजधानीतून आला होता. माणूस आडदांड नव्हता, उद्धट नव्हता. बोलताना आदरानं किंचित वाकायचा, त्यामुळं तुर्दुबायला त्याचा रागही धड येईना.

"अक्सकाल, आपलं एखादं जनावर दगावलं का?"

"नाही."

"आजारी पडलं?"

"नाही."

"आपलं पिण्याचं पाणी तिकडून येतं?"

"नाही."

"गवत? तिथलं गवत आपण कापत असाल."

"तिथलं गवत गाढव खात नाही."

खोलीत हशा पिकला. वकीलही हसला, पण सभ्यपणे.

"मग आपलं नुकसान नेमकं काय झालं?"

"माझं काही नाही झालं."

"मग कुणाचं झालं?"

"कारासाझचं."

आता मात्र लोक मोकळेपणानं हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग कारासाझला बोलवा ना साक्षीला!" तुर्दुबायचे कान तापले. टोपी मांडीवर होती, ती त्यानं दोन्ही हातांनी धरली. न्यायाधीश बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या हसल्या नाहीत, पण हसणाऱ्यांना गप्पही केलं नाही. म्हणाल्या, ज्याचं काहीच गेलं नाही अशा माणसाचा दावा चालतो की नाही हे आधी ठरवावं लागेल. सप्टेंबरची तारीख दिली.

परतताना बसमध्ये सायराकान म्हणाली, "कारासाझच्या बापा, सरक जरा. खिडकीपाशी मी बसते."

ऑगस्टात गवत कापायला दोघं गावात उतरली. मेंढरं वर शेजाऱ्याच्या हवाली केलेली. मुलगा रशियात, त्याच्या जागी दोन हात कमी. लांब दांड्याचं पातं घेऊन तुर्दुबाय सकाळपासून गवतात असायचा. दर थोड्या वेळानं पातं उलटं टेकवायचं, खिशातला दगड काढून धार लावायची, कमरेत हात देऊन ताठ व्हायचं, पुन्हा वाकायचं. सायराकान मागनं काट्यानं पेंढ्या उलथायची. सदरा पाठीला चिकटायचा, गवताचा बारीक भुगा मानेत जाऊन टोचायचा. हवा धड असेपर्यंत उरकायचं होतं.

अशात एके दिवशी दुपारी रस्त्यावर माणसं दिसली. पुढं सोतबेक, तुर्दुबायचा थोरला चुलतभाऊ, पांढऱ्या दाढीचा. अख्ख्या भावकीत त्याचा शब्द शेवटचा. मागं आणखी दोन म्हातारे. आणि त्यांच्या बरंच मागं, घोड्यावरून उतरून पायी येणारा उलारबेक. उलारबेक कंपनीचा इथला साहेब, पण पोरगा याच खोऱ्यातला, पलीकडच्या गावचा. त्याच्या हातात एका तांबड्या घोड्याचा लगाम होता. घोडा तरणा, खोगीर नवं, आणि खोगिरावर घडी घातलेला मखमली चापान, लांब अंगरखा, काठाला सोनेरी वेलबुट्टी.

तुर्दुबायनं पातं खाली ठेवलं. दुरून उतरून पायी येणारा माणूस, घोडा आणि चापान, हे काय असतं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याच्या हातून अपराध झाला तो असा येतो. आपला दोष मान्य आहे, हे घे आणि मला माफ कर, असा त्याचा अर्थ. आणि म्हाताऱ्यांना पुढं घालून असा आलेल्याला परत पाठवत नाहीत. परत पाठवणाऱ्याच्या दारात मग कुणी उभं राहत नाही.

उलारबेकनं मान खाली घातली. "अक्सकाल, आमच्या हातून चूक झाली. माफी मागायला आलोय."

"ऐकलंस ना, तुर्दु?" सोतबेक म्हणाला. "पोरानं मान वाकवलीय."

घामानं निथळणाऱ्या सदऱ्यावरच सोतबेकनं चापान चढवला. मखमल ओल्या पाठीला लागली आणि तुर्दुबाय शहारला. उलारबेकबरोबर आलेला एक पोरगा वाटेपासूनच मोबाइलवर फोटो काढत होता. मग घरी चला म्हणणं आलं, मेंढरू कापणं आलं.

घरामागं चुलीवर कढई चढली होती. तुर्दुबाय पाणी न्यायला आला तेव्हा सायराकाननं त्याला बाहीला धरून थांबवलं.

"चर कधी बुजवणार, विचारलंस?"

"हे विचारतात का?"

"का? तोंड नाही तुला?"

"अगं म्हातारे, घोडा-चापान घेऊन आलेल्या माणसाला हिशेब विचारायचा? दोष मानला म्हणजे निस्तरणं त्यातच आलं."

"त्यात आलं, असं तो म्हणाला?"

"ती म्हणायची गोष्ट नाही."

"मोठा मानाचा झालास! चापान छान दिसतोय हो. गवताचा भुगा झटक त्यावरचा." ती कढईकडं वळली.

जेवण झालं. तुर्दुबायनं दोन्ही तळवे वर धरले, सगळ्यांनी धरले. त्यानं दुवा दिली, मनापासून दिली. तुझी वाट मोकळी राहो, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही राहिलं नाही. तळवे चेहऱ्यावरून खाली आले, गोष्ट पुरी झाली. त्या रात्री त्याला इतकी छान झोप लागली की सायराकानला हेवा वाटला.

गवत घरात आल्यावर तो त्याच तांबड्या घोड्यावर बसून वर गेला. घोडा उमदा होता, चढावर दमत नव्हता. खिंडीतून खाली बघितलं तर चर तसाच. तसाच कसला, त्याला पलीकडून आणखी एक येऊन मिळाला होता आणि त्यात सिमेंटचे पाइप टाकणं चाललं होतं. उलारबेक कामावर उभा होता. घोडा ओळखून तो हसतमुख पुढं आला, रिकीब धरली.

"या, अक्सकाल! कसा आहे घोडा?"

"चांगला आहे. बुजवायला कधी लागताय?"

"काय बुजवायला?"

"चर."

उलारबेकच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. "बुजवायचं कुठं ठरलं होतं, अक्सकाल? आपलं तर मिटलं ना?"

"मग घोडा कशाचा दिलास?"

"तुमच्या मनाला लागलं होतं, त्याचा. वकीलसाहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं मन दुखावलंय, आपल्या रीतीनं जाऊन मिटवून या. मला पटलं. मी खरंच मनापासून आलो होतो."

आणि तो खरं बोलत होता, तेच वाईट होतं. तुर्दुबाय घोड्यावर बसून राहिला. आपण गाढव आहोत, असं त्याला स्वच्छ दिसलं. बायकोनं दिवसाढवळ्या बाहीला धरून सांगितलं होतं.

रात्री आयपेरीचा फोन आला. चापान अंगावर असलेले फोटो कंपनीनं कोर्टात दिले होते. तक्रारदारानं माफी स्वीकारली, प्रकरण रीतीप्रमाणे मिटलं, दावा काढून टाकावा.

"तुम्ही घोडा ठेवलात तर ते खरंच मिटलं, अक्सकाल," ती म्हणाली. "परत केलात तर मी उभी राहू शकते. पण मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला माहितेय ते काय आहे."

"तुला काय माहिती? तू शहरातली."

"माझे आजोबा पण होते ना कुणीतरी," आयपेरी म्हणाली आणि फोन ठेवला.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी सोतबेक दारात. आत आला नाही, घोड्यावरूनच बोलला.

"परत करणार म्हणे?"

"विचार करतोय, बाइके."

"तळवे वर धरून दुवा दिलीस तू. मी शेजारी होतो. चापान मी चढवला, माझ्या या हातांनी. तू घोडा परत करणार म्हणजे माझ्या तोंडात मारणार."

"त्यांनी फसवलं."

"त्यानं माफी मागितली. चर बुजवतो म्हणाला होता का? नाही. तू विचारलंस? नाही. मग फसवलं कुणी?" सोतबेकचा आवाज चढला नव्हता. "आणि कशासाठी, तुर्दु? तुझं एक कोकरू तरी मेलं असतं तर मी तुझ्या बाजूला उभा राहिलो असतो. एका कोकरासाठी मी कंपनीशी भांडलो असतो. पाखरांच्या पायी भावकीत तोंड काळं करतोस?"

सोतबेक निघून गेला. तुर्दुबायनं तो दिवस खुराड्याचं छप्पर शाकारण्यात घालवला, एकदा बांधलेलं सोडून पुन्हा बांधलं. सायराकान शिडीखाली उभी राहून पेंढ्या देत होती.

"तू काहीच बोलत नाहीस," तो वरून म्हणाला.

"मी बोलले होते तेव्हा तू मखमलीत होतास."

"आता बोल."

तिनं पेंढी वर फेकली. "घोडा ठेवलास तर लोक तुला मान देतील आणि तू मला रोज कारासाझबद्दल सांगशील. मरेपर्यंत. मला ते ऐकवणार नाही."

सकाळी त्यानं घोड्याला खरारा केला, खोगीर घातलं, चापान झाडून घडी करून त्यावर ठेवला, आणि लगाम धरून चालत निघाला. त्यावर बसून जाता येत नव्हतं, आणि आपला घोडा बरोबर नेला असता तर ते घाईघाईनं उरकून टाकल्यासारखं झालं असतं. गावाच्या मधल्या रस्त्यानं गेला. दुकानापुढची माणसं बोलायची थांबली. एक बाई दारात आली, बघून पुन्हा आत गेली. कुणी सलाम केला नाही, त्यानंही केला नाही. घोड्यावर बसायचे बूट ते, चालायचे नव्हेत. कंपनीच्या आवारापर्यंत जाईतो टाचा सोलून निघाल्या.

उलारबेक फाटकाशी आला. सोनेरी वेलबुट्टी बघून त्याला कळलं.

"अक्सकाल, असं नका करू. माझं नाक कापलं जाईल."

"माफी दिली ती दिली. ती मी मागं घेत नाही, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. घोडा मात्र घे."

"मला घेता येणार नाही."

"मग इथं बांधतो," तुर्दुबाय म्हणाला. फाटकाच्या खांबाला त्यानं लगामाची गाठ मारली आणि वळला. घोडा मागून एकदा फुरफुरला. वाटेत जोरात पाऊस आला. घरी पोचला तेव्हा बूट पायातून निघेनात. सायराकाननं भिंतीला पाय लावून ओढले.

सप्टेंबरच्या तारखेला खोली आधीपेक्षा भरलेली होती. कंपनीच्या वकिलानं फोटो न्यायाधीश बाईंसमोर ठेवले. म्हणाला, माफी मागितली, स्वीकारली, मेंढरू कापलं, दुवा दिली. नंतर तक्रारदाराचं मन फिरलं, पण झालेली गोष्ट झाली.

बाईंनी चष्मा वर सरकवला, फोटो बराच वेळ बघितला.

"चापान चांगला आहे. हा घोडा कशाबद्दल दिला होता?"

"सद्भावना म्हणून, मॅडम. भेट."

"भेट असेल तर मग मिटलं काय?"

वकिलानं हातातले कागद चाळले. "रीतीप्रमाणे वाद मिटला."

"मी याच जिल्ह्यात वाढलेय, साहेब. भेट घेऊन येणारा घोड्यावर बसून येतो. हा फोटोत पायी आहे. गेल्या तारखेला तुम्ही म्हणालात, अपराधच झालेला नाही. आता म्हणताय, अपराधाची माफी झाली. दोन्हीतलं एक काय ते सांगा."

"ती स्थानिक पातळीवरची, भावनेच्या भरात..."

"तिथं कोण कोण होतं?"

सोतबेकला उभं केलं. तो तुर्दुबायकडं न बघता पुढं गेला. घोडा परत झाल्यापासून दोघांत शब्द नव्हता. कंपनीचा वकील खुशीत दिसला. हा म्हातारा तुर्दुबायवर किती चिडलाय ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. आयपेरीनं पेन खाली ठेवलं.

"उलारबेक काय म्हणाला होता?" बाईंनी विचारलं.

सोतबेक दाढीवर हात फिरवत राहिला. उलारबेक मागच्या बाकावर जमिनीकडं बघत बसला होता.

"या माणसानं घोडा परत केला ते मला पटलेलं नाही," सोतबेक म्हणाला. "माझा अपमान झालाय. तो मी विसरणार नाही."

"ते नाही विचारलं मी."

"सांगतो ना. पोरगा म्हणाला, आमच्या हातून चूक झाली, माफी मागायला आलोय."

"भेट द्यायला आलोय असं म्हणाला?"

"भेट?" सोतबेकनं वकिलाकडं असं बघितलं की त्यानं नजर खाली केली. "भेट द्यायला मी कशाला पुढं चालेन? मी दोष घेऊन गेलो होतो. कंपनीचा दोष होता, म्हणूनच घोडा होता. दोष नसलेल्या माणसाचा घोडा मी कुणाच्या दारात नेत नसतो."

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. कुणी हसलं नाही.

निकाल महिन्याच्या शेवटी लागला. आयपेरीनं तो फोनवर वाचून दाखवला. कंपनीनं आपला दोष माणसांसमोर मान्य केला आहे. तक्रारदाराचं काही गेलेलं नाही, ही गोष्ट खरी, पण कायद्यानं तशी अट घातलेली नाही. पाणथळ होतं तसं करून द्यावं, पाइप काढावेत, चर बुजवावेत, पाणी पहिल्या पातळीला येईपर्यंत देखभाल करावी. कुणाला काही देण्याचा हुकूम नाही.

"म्हणजे आपल्याला काही नाही," सायराकान म्हणाली.

"मागितलं कुठं होतं?"

"नाही, मी नुसतं विचारलं."

कंपनीनं चर बुजवले. गाळाची माती कमी पडली म्हणून दुसरीकडून आणली, वरून बांध घातला. बर्फ पडायच्या आत तुर्दुबाय दोनदा जाऊन आला. बांधामागं पाणी साचायला लागलं होतं, पातळ, मातकट. चक्रवाक दक्षिणेला गेले होते. पुढच्या वर्षी येतील न येतील, ते कोर्टाच्या हातात नव्हतं. गावाचं कुरण मात्र गेलं. मेंढरं लावायच्या जागा ज्यांनी मनात ठरवून ठेवल्या होत्या ते सगळे आता त्याला बघून दुसऱ्या बाजूनं जायला लागले.

नोव्हेंबरात सोतबेकच्या नातवानं पहिलं पाऊल टाकलं. रीतीप्रमाणे पोराच्या दोन्ही पायांना बांधलेली दोरी कापायचा समारंभ, भावकीला जेवण. तुर्दुबायलाही बोलावणं आलं. भावकीत बोलावणं चुकवत नाहीत.

दोरी कापली, पोरगं दोन पावलं चाललं आणि आपटलं, सगळे हसले. मग माणसं गालिच्यावर वयाप्रमाणे बसली. सोतबेकनंतर तुर्दुबाय, त्याच्याखाली बाकीचे. परातीतून मांस आलं. हाडाची वाटणी कुणी तोंडानं सांगत नाही. वय, नातं आणि मान बघून वाढणारा ज्याचं त्याला देतो, आणि सोतबेकच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर देतो. मोठ्या माणसांना कंबरेचं हाड. गेली कितीतरी वर्षं तुर्दुबायच्या पुढं तेच यायचं.

वाढणारा सोतबेकचा धाकटा लेक होता. तुर्दुबायपाशी तो जरा अडखळला आणि त्यानं पुढच्या पायाचं खालचं हाड ठेवलं. ते पोरासोरांना आणि नव्या सुनांना देतात. कंबरेचं हाड पुढं गेलं, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या दुकानदारापुढं. दुकानदार लाजला, त्यानं ते परातीत परत ढकलल्यासारखं केलं, मग खायला लागला.

सोतबेक दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बर्फाबद्दल बोलत होता. पलीकडच्या खोलीच्या दारातून बायका बघत होत्या, त्यांत सायराकान होती. तुर्दुबायनं कमरेची सुरी काढली, हाड उचललं. मांस फारसं नव्हतं त्यावर. जे होतं ते त्यानं सावकाश कापून खाल्लं, सांध्यातलं खरवडून घेतलं, हाड स्वच्छ करून परातीत ठेवलं. शेवटी दुवा द्यायची वेळ आली तेव्हा सोतबेकनं दुकानदाराकडं मान हलवली. तुर्दुबायनं सगळ्यांबरोबर तळवे वर धरले, सगळ्यांबरोबर खाली आणले.

घरी जाताना थंडी होती. घोडे शेजारी शेजारी चालत होते.

"कोर्टात जायचं का पुन्हा?" सायराकान म्हणाली. "आता तुझं खरंच काहीतरी गेलंय."

"दावा कुणावर लावू?"

"सोतबेकवर लाव."

"त्यानं खरं तेच सांगितलं."

"मग त्या उलारबेकवर."

"त्याला मी माफ केलंय."

तिनं नाक ओढलं, रुमाल नीट केला. पुढच्या वळणावर कुत्री भुंकायला लागली, मग ओळखून थांबली.

"दुखतंय का?"

"दुखतंय," तुर्दुबाय म्हणाला. "खूप दुखतंय."

"बरं," ती म्हणाली, आणि आपला घोडा त्याच्या घोड्याजवळ आणखी थोडा घेतला.